सरकारी रोजगार-प्रशिक्षण योजनांचे मूल्यमापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेरोजगारी कमी व्हावी म्हणून सरकारे ज्या प्रशिक्षण योजना चालवतात, त्या खरोखर कामी येतात की नाही हे कसे ठरवावे, याविषयी अधिकारी, प्रशिक्षण संस्थांचे चालक, पत्रकार आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी नेहमी विचारतात असे प्रश्न येथे घेतले आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण त्या प्रश्नांमध्येच सर्वाधिक चुका होतात.

एखाद्या योजनेतील ७० टक्के प्रशिक्षणार्थींना नोकरी लागली, तरी ती योजना यशस्वी झाली असे का म्हणता येत नाही?

किती जणांना नोकरी लागली, हा मूल्यमापनाचा प्रश्नच नाही. किती जणांना ती योजनेमुळे लागली, हा प्रश्न आहे. बेरोजगारी ही बहुतेकांच्या बाबतीत कायमची अवस्था नसते. लोक काम गमावतात, नवे शोधतात आणि काही महिन्यांनी कुठे ना कुठे रुजू होतात. समजा, १०० प्रशिक्षणार्थींपैकी ७० जण वर्षभरात कामाला लागले. हेच १०० जण प्रशिक्षणाविना राहिले असते आणि तरीही त्यांतील ६७ जणांना काम मिळाले असते, तर योजनेच्या खात्यावर तीनच नोकऱ्या जमा होतात. प्रशिक्षणाविना ४० जणांनाच काम मिळाले असते, तर मात्र ३० नोकऱ्यांचे श्रेय योजनेला जाते. अहवालातला ७० चा आकडा दोन्ही वेळी तोच राहतो. म्हणूनच, अनेक वर्षे घरी बसलेल्या लोकांना शिकवून त्यांतील ३५ टक्क्यांना कामाला लावणारी योजना ही, नुकत्याच पदवीधर झालेल्यांना शिकवून ७० टक्क्यांचा आकडा दाखवणाऱ्या योजनेपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची असू शकते.

टक्केवारी काढताना भागाकार कशाने केला, हेही तपासावे. प्रवेश घेतलेल्या सर्वांनी भागले, अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनी भागले, की फोनवर सापडलेल्यांनी भागले, यावर एकाच योजनेचा आकडा ३० पासून ७० पर्यंत कुठेही जाऊ शकतो. वाटलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येविषयी तर बोलायलाच नको. ती फार तर छापखान्याची कामगिरी सांगते.

प्रशिक्षणापूर्वीची कमाई आणि नंतरची कमाई यांची तुलना केली तर पुरेसे होणार नाही का?

होणार नाही, आणि याचे कारण अर्थतज्ज्ञ ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेत १९६२ च्या मनुष्यबळ विकास व प्रशिक्षण कायद्याखाली शिकलेल्यांच्या कमाईच्या नोंदी तपासताना त्यांना आढळले की, प्रशिक्षणात येण्याच्या अगदी आधीच्या काळात या लोकांची कमाई घसरलेली असते. यात नवल नाही, कारण ज्याचे बरे चालले आहे तो अशा वर्गात नाव कशाला घालेल? काम सुटले, कारखाना बंद पडला, आजारपणात महिने गेले, अशाच वेळी माणूस प्रशिक्षणाकडे वळतो. पण अशा घसरणीनंतर पुष्कळ लोक आपोआप पुन्हा सावरतात. घसरणीच्या तळापासून मोजायला सुरुवात केली की नैसर्गिक सावरणेसुद्धा प्रशिक्षणाच्या नावावर लिहिले जाते. या घसरणीला अभ्यासक आजही अॅशेनफेल्टर यांच्याच नावाने ओळखतात.

मग प्रशिक्षण न घेतलेल्या बेरोजगारांशी तुलना करावी का?

करावी, परंतु कोणाशी तुलना केली यावर सारे अवलंबून असते. स्वतःहून अर्ज करणारा, मुलाखतीला वेळेवर पोहोचणारा आणि सहा महिने वर्गात टिकणारा माणूस हा अर्ज न करणाऱ्या माणसापेक्षा मुळातच वेगळा असतो. त्याची धडपड, घरातून मिळणारा आधार, प्रकृती, ओळखी यांपैकी फारच थोड्या गोष्टी सरकारी अर्जात उतरतात. वय, शिक्षण आणि पूर्वीची कमाई जुळवून घेतली तरी हा न दिसणारा फरक शिल्लक राहतोच.

तो किती मोठा असू शकतो, हे रॉबर्ट लालोंड यांच्या १९८६ च्या अभ्यासातून स्पष्ट झाले. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यापासून राबवलेल्या एका प्रयोगात शाळा सोडलेले तरुण, तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडणारे आणि दीर्घकाळ सरकारी मदतीवर जगणाऱ्या स्त्रिया अशा लोकांना काही महिने देखरेखीखाली काम दिले जात होते, आणि कोणाला काम द्यायचे हे सोडतीने ठरले होते. त्यामुळे खरा परिणाम ठाऊक होता : पुरुषांच्या बाबतीत वर्षाकाठी सुमारे ८८६ डॉलरची वाढ. लालोंड यांनी सोडतीत न निवडलेला गट बाजूला ठेवला, त्याऐवजी राष्ट्रीय पाहण्यांतून निवडलेले लोक तुलनेला घेतले आणि त्या काळी प्रचलित असलेल्या सांख्यिकी पद्धती एकेक करून लावून पाहिल्या. उत्तरे इतकी विखुरलेली निघाली की काही पद्धतींनुसार योजनेमुळे लोकांचे हजारो डॉलरचे नुकसान झाल्याचे दिसत होते. खरे उत्तर आधी माहीत नसते, तर यांतील कोणती पद्धत बरोबर हे सांगायला कोणताच आधार नव्हता. पुढे पद्धती सुधारल्या, लालोंड यांच्याच माहितीवर नव्या पद्धतींची परीक्षा घेतली गेली आणि त्यावरचा वादही दीर्घकाळ चालला; परंतु तुलनागट जपून निवडण्याचा धडा तेव्हापासून कायमचा गिरवला गेला.

सोडतीने निवड करणे म्हणजे गरजूंवर अन्याय नव्हे का?

जागा सर्वांना पुरत असतील आणि तरीही काहींना मुद्दाम बाहेर ठेवले असेल, तर ही तक्रार योग्यच आहे. बहुतेक योजनांत मात्र अर्ज जास्त आणि जागा कमी अशी स्थिती असते. कोणाला तरी नाही म्हणावेच लागते. तेव्हा प्रथम येईल त्याला प्राधान्य, ओळखीच्याला प्राधान्य किंवा मुलाखत घेणाऱ्याची मर्जी यांपेक्षा पात्र अर्जदारांमध्ये काढलेली उघड सोडत अधिक न्याय्य ठरते, आणि शिवाय निवडलेले व न निवडलेले हे दोन्ही गट सरासरीने सारखे असल्यामुळे पुढे त्यांच्या कमाईत जो फरक पडतो तो योजनेचा परिणाम म्हणून वाचता येतो.

सोडत काढली की सर्व प्रश्न मिटतात, असेही नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात १६ ठिकाणी सुमारे २०,६०० लोकांवर झालेल्या प्रशिक्षण योजनेच्या राष्ट्रीय अभ्यासात, निवड झालेल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांशच प्रत्यक्ष दाखल झाले, तर न निवडलेल्यांपैकी अनेकांनी दुसरीकडून प्रशिक्षण मिळवले. अशा वेळी दाखल झालेल्यांची दाखल न झालेल्यांशी तुलना करण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण मग सोडतीने साधलेले साम्य हातचे जाते. सोडतीत ज्याचे नाव ज्या गटात आले, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजावा. तसेच, दुसऱ्या गटातील लोकही कुठे ना कुठे शिकत असतील, तर प्रयोगाचे उत्तर ‘प्रशिक्षण विरुद्ध काहीच नाही’ या प्रश्नाचे नसून ‘ही योजना विरुद्ध बाजारात आधीच उपलब्ध असलेले पर्याय’ या प्रश्नाचे असते. सरकारला निर्णयासाठी बहुधा या दोहोंपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, पण अहवालात ते पहिल्याचे म्हणून छापले जाते.

सोडत शक्य नसेल तर काय करावे?

प्रवेशासाठी गुणांची अथवा वयाची ठाम मर्यादा असल्यास, मर्यादेच्या जेमतेम आत आणि जेमतेम बाहेर राहिलेल्यांची तुलना करता येते. योजना एकेका विभागात टप्प्याटप्प्याने सुरू होणार असल्यास उशिरा सुरू होणारे विभाग काही काळ तुलनेला मिळतात. अनेक वर्षांच्या रोजगार-नोंदी उपलब्ध असतील, तर जुळवणीच्या, म्हणजे प्रत्येक प्रशिक्षणार्थीसारख्याच पूर्वेतिहासाचे लोक शोधून तुलना करण्याच्या, पद्धतीही बऱ्यापैकी विश्वसनीय उत्तर देतात. यांपैकी काहीच नसेल, तर परिणाम मोजला असे म्हणू नये. योजना कशी राबवली याचा प्रामाणिक वृत्तांत लिहावा. तोही उपयोगी असतो.

परिणाम प्रशिक्षणानंतर किती काळाने मोजावा?

एकदाच मोजून भागत नाही. प्रशिक्षण चालू असताना माणूस वर्गात असतो, काम शोधत नसतो. त्याच काळात बाहेर राहिलेला अर्जदार मिळेल त्या कामाला लागतो. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत प्रशिक्षणार्थी मागे पडलेले दिसतात, आणि अभ्यासक्रम जितका लांब तितकी ही पीछेहाट मोठी. सहा महिन्यांत अहवाल मागणारे सरकार त्यामुळे चांगली योजनाही बंद करू शकते. डेव्हिड कार्ड, योखेन क्लुवे आणि आंद्रेआ वेबर यांनी २०० हून अधिक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांतही हेच दिसते : रोजगार योजनांचा परिणाम पहिल्या वर्षभरात सरासरी शून्याच्या आसपास असतो आणि दोन-तीन वर्षांनी तो वाढतो. प्रशिक्षणासारख्या, माणसाचे कौशल्य वाढवणाऱ्या योजनांत हे विशेष जाणवते.

उलट दिशेची चूकही तितकीच महागात पडते. अमेरिकेतील ‘जॉब कोअर’ ही वंचित तरुणांसाठीची निवासी योजना आहे. तिच्यात १९९४ ते १९९६ या काळातील अर्जदारांवर सोडतीने अभ्यास झाला. पहिल्या वर्षी प्रशिक्षणार्थींची कमाई कमी होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती सुमारे १२ टक्क्यांनी जास्त झाली आणि योजना खर्चाला पुरून उरेल असे वाटू लागले. त्यानंतर करखात्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा फायदा चौथ्या वर्षानंतर विरून गेला होता. दाखल होताना २० ते २४ वर्षांचे असलेल्यांच्या बाबतीतच तो टिकला. चौथ्या वर्षी फाइल बंद केली असती, तर हे कोणालाच कळले नसते.

नोकरी लागली एवढेच मोजावे, की आणखी काही?

कमाई, वर्षातले कामाचे महिने आणि कामाचे स्वरूप या तिन्ही गोष्टी मोजाव्यात. लेखी करार आणि सामाजिक सुरक्षा असलेले काम व दोन आठवड्यांचे हंगामी काम यांना एकच खूण करणारी नोंदवही फारशी उपयोगाची नसते. माहिती कुठून घेतली, हेही महत्त्वाचे आहे. सरकारी नोंदी स्वस्त आणि दीर्घकाळ उपलब्ध असतात, पण कागदावर न येणारे काम त्यांत दिसत नाही; प्रत्यक्ष पाहणीत ते दिसते, पण वर्ष-दोन वर्षांत लोक पत्ता बदलतात, आणि ज्यांना प्रशिक्षण मिळाले नाही ते पाहणी करणाऱ्यांना सापडण्यास अधिक अवघड जातात. दोन्ही गटांतील किती टक्के लोक सापडले हा आकडा अहवालात दिला नसेल, तर बाकीचे आकडे बाजूला ठेवावेत.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे प्रशिक्षणार्थींनाच विचारले तर?

शिक्षक कसे होते, यंत्रे चालू होती का, वर्ग नियमित भरत होते का, यांसाठी त्यांच्याइतके चांगले साक्षीदार दुसरे नाहीत. परिणामाविषयी मात्र त्यांचे मत पुरेसे नाही, कारण आपण शिकलो नसतो तर आपले काय झाले असते हे कोणालाच स्वतःपुरते पाहता येत नाही. तुर्कस्तानच्या सरकारी रोजगार संस्थेने चालवलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचा सुमारे ५,९०० अर्जदारांवर सोडतीने अभ्यास झाला. त्यात नोकरी मिळण्याच्या प्रमाणातील वाढ सुमारे दोन टक्केबिंदू, म्हणजे दर शंभरामागे दोन जण, इतकीच होती, आणि औपचारिक रोजगारातील जो लहान फायदा पहिल्या वर्षी दिसला तो तीन वर्षांनी उरला नाही. अर्जदारांची स्वतःची अपेक्षा मात्र याच्या कित्येक पट होती. अभिप्रायाच्या अर्जांवर समाधानकारक खुणा दिसतात म्हणून खूश होणाऱ्या संस्थांनी हे लक्षात ठेवावे.

प्रशिक्षित माणसाला नोकरी मिळाली, पण ती दुसऱ्या कोणाची हुकली असेल तर?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, आणि माझ्या मते बेरोजगारी कमी करण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक योजनेला तो आधी विचारायला हवा. एका दुकानात एकच जागा रिकामी आहे. प्रशिक्षित अर्जदाराला ती मिळाली आणि शेजारच्या अप्रशिक्षित अर्जदाराची गेली, तर प्रशिक्षणार्थींचा आकडा सुधारतो आणि बेरोजगारांची संख्या तेवढीच राहते. दोघांची तुलना करणारा नेहमीचा अभ्यास तर हा परिणाम दुप्पट फुगवून दाखवतो : एका गटात एक नोकरी वाढली, दुसऱ्यात एक घटली.

हे मोजण्यासाठी फ्रान्समध्ये ब्रुनो क्रेपों, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुहेरी सोडत काढली. २३५ रोजगार विभागांपैकी कोणत्या विभागात पात्र तरुणांपैकी शून्य, २५, ५०, ७५ किंवा १०० टक्क्यांना नोकरी शोधण्यासाठी साहाय्य द्यायचे हे आधी सोडतीने ठरले, आणि मग विभागांतर्गत व्यक्ती सोडतीने निवडल्या गेल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साहाय्य मिळालेल्यांना स्थिर नोकरी मिळण्याची शक्यता काही काळ वाढली, परंतु त्यातील काही भाग त्याच विभागातील साहाय्य न मिळालेल्यांच्या पदरातून आला होता. नोकऱ्यांची टंचाई असलेल्या विभागांत तर विशेषच. ही योजना नोकरी शोधण्यास मदत करणारी होती, कौशल्य शिकवणारी नव्हती, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. जे कौशल्य बाजारात खरोखर दुर्मीळ आहे ते शिकवले, तर अडलेले काम सुरू होऊन इतरांसाठीही जागा निर्माण होऊ शकतात. ज्या कौशल्याचे लोक आधीच रांगेत उभे आहेत ते शिकवले, तर रांगेचा क्रम तेवढा बदलतो.

प्रशिक्षण संस्थांना नोकरी लागलेल्यांच्या संख्येनुसार पैसे दिले, तर काम सुधारत नाही का?

हजेरीपटावर पैसे देण्यापेक्षा ते बरे, परंतु त्यातून एक अपेक्षित पळवाट निघते : ज्यांना तसेही काम मिळाले असते त्यांनाच संस्था प्रवेश देऊ लागतात. दुधावरची साय काढून घ्यावी तसे सोपे उमेदवार वेचले जातात आणि ज्यांच्यासाठी योजना आखली ते दारातच राहतात. जेम्स हेकमन, कॅरोलिन हाइनरिक आणि जेफ्री स्मिथ यांनी वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय अभ्यासाची माहिती तपासून दाखवले की, संस्थांना बक्षीस देण्यासाठी वापरलेली अल्पकालीन मोजमापे आणि योजनेचा दीर्घकालीन परिणाम यांचा परस्परांशी जवळजवळ संबंध नव्हता. पैसे निकालावर द्यायचेच असतील, तर दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या उमेदवारासाठी रक्कम जास्त ठेवावी आणि तिचा मोठा हिस्सा, नोकरी किमान वर्षभर टिकल्यावरच द्यावा.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

दर प्रशिक्षणार्थीमागे किती खर्च आला, यापेक्षा दर जास्तीच्या नोकरीमागे किती खर्च आला हे काढावे. डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतील अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा व्यावसायिक प्रशिक्षणामुळे दर १०० लोकांमागे तीनपेक्षाही कमी जणांना अशी नोकरी मिळाल्याचे दिसले जी एरवी मिळाली नसती. शंभरामागे दोनच नोकऱ्या वाढत असतील, तर एका जास्तीच्या नोकरीचा खर्च हा दरडोई खर्चाच्या ५० पट होतो. प्रशिक्षणाच्या काळात बुडालेली मजुरी हाही खर्चच आहे. ती सरकारच्या तिजोरीतून जात नाही म्हणून ताळेबंदातून वगळली जाते, पण ती सर्वांत गरीब माणसाच्या खिशातून गेलेली असते.

याचा अर्थ अशा योजना निरुपयोगी आहेत असा घ्यावा का?

नाही. सरासरी लहान आहे, पण तिच्या पोटात फार मोठे फरक दडलेले आहेत. कोलंबियात तीन महिने वर्ग आणि तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत काम अशी रचना असलेल्या योजनेचा सोडतीने अभ्यास झाला, तेव्हा तरुण स्त्रियांची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली आढळली. पुरुषांच्या बाबतीत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. अमेरिकेत विशिष्ट उद्योगांची गरज हेरून, उमेदवारांची आधी चाचपणी करून आणि मालकांशी थेट संबंध ठेवून चालवलेल्या काही कार्यक्रमांत प्रशिक्षणानंतरच्या वर्षात कमाई १४ ते ३९ टक्क्यांनी वाढली. कार्ड, क्लुवे आणि वेबर यांच्या संकलनातही स्त्रिया आणि दीर्घकाळ बेरोजगार असलेले यांना अधिक फायदा झाल्याचे, तसेच मंदीच्या काळातील योजनांचे परिणाम तुलनेने चांगले असल्याचे दिसते. मात्र, उमेदवारांची आधी चाचपणी करणे आणि साय काढणे यांतली रेषा बारीक आहे. ती कुठे ओलांडली गेली, हे तुलनागटाशिवाय सांगता येत नाही.

‘परिणाम आढळला नाही’ असे अहवालात लिहिले असेल, तर परिणाम शून्य होता असे समजावे का?

नमुना किती मोठा होता, ते आधी पाहावे. तुलनागटात निम्म्या लोकांना काम मिळते असे धरले, तर १० टक्केबिंदूंचा फरक खात्रीने पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ४०० लोक पुरतात. परंतु दोन टक्केबिंदूंचा फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १०,००० लोक लागतात. फरक पाचपट लहान झाला की नमुना पंचवीसपट मोठा लागतो. प्रत्यक्ष योजनांचे परिणाम बहुधा दोन-तीन टक्केबिंदूंचे असल्यामुळे तीन-चारशे लोकांच्या पाहणीतून काहीच सिद्ध होत नाही, ना यश ना अपयश. अशा पाहणीत एखादा मोठा परिणाम दिसलाच, तर त्यात योगायोगाचा वाटा किती हे विचारावे.

योजना आता सुरू होणार आहे आणि मूल्यमापनासाठी वेगळा निधी नाही. निदान काय जपून ठेवावे?

सर्व अर्जदारांची यादी. निवडलेल्यांची यादी कोणीही ठेवतो, कारण तिच्यावर पैसे निघतात. मूल्यमापनाला नाकारलेल्यांची तितकीच गरज असते. प्रत्येकाने अर्ज केव्हा केला, तो पात्र होता का, त्याला किती गुण मिळाले, निवड कशी झाली आणि सरकारी रोजगार-नोंदींशी जोडता येईल असा त्याचा ओळख क्रमांक कोणता, एवढी माहिती अर्जदाराच्या लेखी संमतीने नोंदवून सुरक्षित ठेवली, तर पाच वर्षांनीसुद्धा एखादा अभ्यासक या नोंदींवरून परिणाम मोजू शकतो. ही यादी सांभाळायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, परंतु निवड आटोपली की ती कोणालाच नको असते. म्हणून ती जपण्याची जबाबदारी पहिला अर्ज स्वीकारण्यापूर्वीच एका ठरावीक पदावरील अधिकाऱ्याकडे लेखी आदेशाने सोपवावी.